सकाळी उभे, रात्री खुर्चीवर

फजरच्या जमातीत उभा राहणारा माणूस इशाला खुर्चीवर बसला, की आम्ही काय समजतो? सकाळी जमते, मग रात्री का नाही? आमच्या शाळेतील एका सरांबद्दल आम्ही हेच म्हणत होतो. पहिल्या तासाला त्यांचा आवाज व्हरांड्यात ऐकू येई. सहाव्या तासाला शब्द नाकातून येत, पापण्या खाली उतरत. स्टाफरूममध्ये आम्ही त्याला नाटक म्हणालो.

पुढे आजाराचे नाव कळले : मायस्थेनिया ग्रेव्हिस. नसेकडून आलेला हुकूम ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन स्नायूला पोचवते. शरीराचे रक्षण करणारी प्रतिपिंडेच तो हुकूम झेलणाऱ्या जागांवर हल्ला करतात. मग हुकूम सुटतो, पण स्नायूपर्यंत पुरेसा पोचत नाही. वापराने ताकद ओसरते, विसाव्याने काहीशी परतते. म्हणजे ज्याला आम्ही ढोंगाचा पुरावा समजत होतो, तेच या आजाराचे मुख्य लक्षण निघाले.

इंग्लंडचे डॉक्टर थॉमस विलिस यांनी १६७२ साली एका स्त्रीची हकीकत लिहिली. बराच वेळ बोलले की तिची वाचा बंद पडे. विलिसांनी तिला प्रामाणिक म्हटले, ढोंगी नव्हे. औषध मात्र फार उशिरा आले. १९३४ साली लंडनच्या ग्रिनिच भागात डॉ. मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मिनचे इंजेक्शन दिले आणि रुग्णाची ताकद काही तासांपुरती परतली. आज गोळ्या आहेत, प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे आहेत. काहींना थायमस ग्रंथीची शस्त्रक्रियाही उपयोगी पडते.

कोणी म्हणेल, खोटी निमित्ते सांगणारे नसतात का? असतात. पोटदुखीचे बहाणे आम्ही शिक्षक रोज ऐकतो. पण खोट्यावर विश्वास ठेवला तर आमचा एखादा तास वाया जातो. खऱ्यावर शंका घेतली तर तो स्वतःला सिद्ध करण्यासाठी उभा राहतो, बोलत राहतो, आणि उरलीसुरली ताकदही त्यातच घालवतो. श्वासाचे स्नायू थकले तर जिवावरही बेतते.

ज्याला उभे राहणे जमत नाही त्याला बसून नमाजची सवलत आहे. त्यासाठी त्याने मोहल्ल्यापुढे पुरावा द्यावा, अशी अट नाही. ती अट आमच्या बदगुमानीने घातली.

आता सरांचे सगळे तास मधल्या सुट्टीच्या आधी ठेवले आहेत. वेळापत्रकात एवढाच बदल करायचा होता. तो आम्हांला आधी का सुचला नाही, याचे उत्तर आम्हीच द्यायचे आहे.