शंका आणि गवाही

राजकीय हत्येमागे कट होता असे कोणी म्हटले की काही लोक हसतात आणि काही लगेच मान डोलावतात. आम्हांला दोन्ही गोष्टी घाईच्या वाटतात. कट होतात. महात्मा गांधींचा खून कटातूनच झाला. २० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला हाउसमध्ये स्फोट झाला, मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला, तरीही दहा दिवसांनी नथुराम गोडसेने तिथेच गोळ्या झाडल्या. लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ रोजी कट सिद्ध झाल्याचा निकाल दिला. तेव्हा प्रश्न ‘कट’ या शब्दाचा नाही, गवाहीचा आहे.

त्या संध्याकाळी मारेकरी मुसलमान असल्याची अफवा उठली होती. तो हिंदू असल्याचे आकाशवाणीवरून तातडीने सांगितले गेले नसते तर किती घरे जळाली असती, याचा विचार करवत नाही. अफवेची किंमत आमच्या समाजाला कोणी शिकवायला नको. खबर आली की आधी तहकीक करा, ही सूरह हुजुरातची शिकवण आपण आपल्याविरुद्धच्या अफवेसाठी नेहमी सांगतो. आपल्याला आवडणाऱ्या खबरीलाही ती तितकीच लागू आहे.

गांधीहत्येनंतर सुमारे सत्तर वर्षांनी ‘चौथ्या गोळी’चा आणि दुसऱ्या मारेकऱ्याचा मुद्दा घेऊन सर्वोच्च न्यायालयात फेरतपासाची मागणी झाली. न्यायालयाने कागदपत्रे पाहायला ज्येष्ठ वकील नेमले आणि २८ मार्च २०१८ रोजी याचिका फेटाळली. सावरकरांची बाब याहून अवघड आहे. माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला स्वतंत्र पुष्टी नाही म्हणून न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. कपूर आयोगाने १९६९च्या अहवालात मात्र त्यांच्या व त्यांच्या गटाच्या कटाकडे बोट दाखवले. आयोग म्हणजे न्यायालय नव्हे, आणि सावरकर तेव्हा हयातही नव्हते. इन्साफ म्हणजे या दोन्ही नोंदी सांगणे, सोयीची तेवढीच नव्हे.

हीच कसोटी आता स्वतःला लावू. हेमंत करकरे २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईत मारले गेले, तेव्हा त्यांच्याकडे त्या वर्षीच्या मालेगाव स्फोटाचा तपास होता. आपल्या मोहल्ल्यांत शंका उठली. पुढच्याच महिन्यात बॅरिस्टर अंतुले यांनी ती जाहीरपणे मांडली. शंका विचारणे गुन्हा नव्हता. पण त्याच गाडीत जखमी होऊन वाचलेल्या शिपायाने न्यायालयात साक्ष दिली, कसाब दोषी ठरला आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली. हे सारे बाजूला ठेवायचे तर तितक्याच वजनाची गवाही समोर आणावी लागेल. ‘फायदा कोणाचा झाला?’ एवढ्या प्रश्नावर तपास सुरू करता येतो, निकाल देता येत नाही.

मालेगावचाच २००६चा स्फोट आठवा. त्यात पकडलेल्या मुसलमान तरुणांना विशेष न्यायालयाने २०१६ साली आरोपमुक्त केले. त्यांची वर्षे गेली, कारण संशयालाच पुरावा समजले गेले. त्यांच्यासाठी आपण पुरावा मागत होतो आणि तो हक्क होता. मग दुसऱ्या कोणाचे नाव आपल्या जिभेवर येईल, तेव्हा पुराव्याशिवाय ते घेण्याची मुभा आपल्याला कुठून मिळणार?