सूर लागण्याआधी

आषाढ शुद्ध सप्तमी म्हणजे तापीची जयंती. त्या दिवसांत बऱ्हाणपूरच्या राजघाटावर भजनाची बैठक ठरवायची, तर पहिली गाठ पडते ती हवेशी. पावसाळी ओलाव्यात तबल्याची पुडी सैलावते, सूर उतरतो. मग हातोडी निघते. पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. पेटीचं तसं नाही. तिच्या पितळी रीडचा सूर ऐन वेळी हलवता येत नाही. म्हणून गायकाची पट्टी, काळी एक की काळी दोन, आदल्या दिवशीच विचारावी आणि त्याच सुराचा तबला आणावा. न विचारता येणारे तबलजी असतातच!

नदीवरचा वारा माइकमध्ये घोंघावतो. त्याला स्पंजची टोपी हवी. स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत, नाहीतर शीळ वाजते. एक छोटा स्पीकर मात्र गायकाकडे वळवावा, त्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून. खर्चाला कात्री लावताना नेमका हाच वगळतात, आणि मग गायक ओरडू लागतो. झांजवाल्यांना माइकपासून जरा लांबच बसवा. त्यांचं काम त्याच्यावाचून अडत नाही.