दोरी आणि ओळंबा
(आमोस 7:7-8)



सरळ रेषा म्हणजे काय, असे मी संडे स्कूलच्या वर्गात विचारले. एक मुलगा म्हणाला, "जी वाकडी नाही ती." आम्ही हसलो, पण थोरांचेही येथे अडलेच आहे. इ.स. पूर्वी 300 च्या सुमारास युक्लिडने केलेली व्याख्या धूसरच राहिली. 1899 साली जर्मनीच्या हिल्बर्टने व्याख्येचा नाद सोडला व नियम तेवढा ठेवला: दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच सरळ रेषा जाते. एकाच बिंदूतून मात्र हव्या तितक्या जातात!

गवंड्याला हे ठाऊक असते. नुसती शेजारची वीट पाहून रचत गेले, तर केसाएवढी चूक विटेगणिक वाढते. तरी प्रत्येक वीट शेजारणीशी सरळच दिसते. म्हणून तो आधी दोन टोके पक्की करून दोरी ताणतो, आणि भिंत उभी चढू लागली की ओळंबा सोडतो.

आमोसाने प्रभूला ओळंबा हाती घेऊन भिंतीपाशी उभा असलेला पाहिले. त्याच्या ग्रंथाच्या आरंभी दिमिष्क, गज्जा, सोर अशा शेजाऱ्यांचे अपराध आहेत. ते ऐकताना इस्राएल लोकांनी माना डोलावल्या असतील. ओळंबा मात्र लावला गेला तो त्यांच्याच भिंतीला.