भेटायला की फिरायला?

कांटने १७८५ साली मांडलं की केवळ आवडीपोटी केलेल्या चांगल्या कामाला खरं नैतिक मोल नाही. कर्तव्य म्हणून केलं तरच आहे. आता माझी केस बघा. पुण्याहून इंदूरला आत्याकडे, साधारण ६०० किलोमीटर, एकटा, बाइकवर. सेंधव्याचा घाट, खलघाटची नर्मदा, सगळी मजाच. (आई घरी मॅपवर माझा ठिपका बघत बसलेली, तो हिशेब वेगळा.)

‘मला भेटायला आलास की गाडी फिरवायला रे?’ आत्याने विचारलं. दोन्ही. निव्वळ कर्तव्य म्हणून आलेला भाचा तिलाही नकोच असता. पण तिचे गुडघे गेलेत, पुण्याला येणं आता जमत नाही. म्हणजे आमची भेट माझ्या हौसेवर टांगलेली. इथे मात्र कांट पटतो. दिवाळीला येण्याचा शब्द देऊन टाकला. गाडी नसली तर रात्रीची बस.