पैलतीराची वाट

सद्‌भक्तहो, श्रीगुरुचरित्राच्या सतराव्या अध्यायातला करवीरचा मुलगा आठवा. निंदेने पोळलेला तो पोर भिलवडीला भुवनेश्वरीपुढे धरणं धरून बसला, जीभ कापून वाहिली. देवीने काय केलं? पैलतीरी औदुंबराखाली यती आहेत, त्यांना शरण जा, म्हणाली. कृपा श्रीगुरूंची झाली. वाट मातेने दाखवली.

हा अध्याय मी चाळीस वर्षं वाचला. अर्थ कळला तो घरात. कराडजवळच्या आमच्या गावी थोरल्या वहिनींच्या गालाच्या आतली जखम भरेना. मिश्रीची जुनी सवय. मी म्हणालो, "वहिनी, अंगारा लावा, महाराज बघतील." दोन महिने गेले. मग आशाताई तिशीपुढच्यांच्या तपासणीसाठी दारात आली. तोंड बघून म्हणाली, "काका, दोन आठवड्यांत न भरणारी जखम अंगावर काढायची नसते. उद्याच निघा." महात्मा फुले योजनेचे कागद तिनेच जुळवले. मिरजेला वहिनींचा हात धरून ती दिवसभर बाकावर बसली. निदान कॅन्सरचं निघालं. ऑपरेशन झालं. वहिनी आज थोडं बोबडं बोलतात, पण आरतीला उभ्या असतात. मी दवडलेले दोन महिने मात्र परत आले नाहीत.

महाराज बघतच होते हो, आशाताईच्या डोळ्यांनी! आंधळा मीच.

यंदा दत्तजयंतीला नेम करा. घरातली मिश्री, तंबाखू सोडवा. लाजेने दुखणं लपवणाऱ्या आयाबायांना तपासणीला न्या. एखाद्या रुग्णासोबत दवाखान्यात दिवसभर बसा. अंगारा जरूर लावा. पण पैलतीरी जायला उशीर करू नका.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!