स्थळ पाहणे

मराठीत ‘स्थळ’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. स्थळ म्हणजे जागा, आणि स्थळ म्हणजे लग्नासाठी सुचविलेले घराणे. ‘स्थळ पाहायला गेले आहेत’ असे कोणी म्हटले, की आपल्या मनात दुसराच अर्थ येतो. परंतु बिऱ्हाड हलविण्याच्या विचारात असलेले कुटुंब परक्या शहरात दोन दिवस राहून येते, तेव्हा हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. तेथेही चौकशी असते, पारख असते, आणि पुढचे सारे आयुष्य त्या होकारावर किंवा नकारावर अवलंबून असते.

लग्नाच्या बाबतीत आपला समाज एक धडा हळूहळू शिकला. पूर्वी मुलगी ‘दाखविली’ जात असे. पाहण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे होता. आज मुलगीही पाहते, विचारते, नकार देते. आणि हेच न्याय्य आहे असे आपण मानतो. शहराच्या बाबतीत मात्र आपली नजर अजून जुन्या वरपक्षाचीच राहिली आहे. आपण प्रश्न विचारतो, खोड काढतो, घासाघीस करतो. त्या शहरालाही आपल्याविषयी काही विचारायचे असेल, ही शंका मनाला शिवत नाही. म्हणूनच एक साधा वाटणारा प्रश्न येथे विचारार्थ घेत आहे: राहायला जाण्यापूर्वी एखादे शहर आपण कोणत्या नजरेने पाहावे?

हा निव्वळ व्यवहाराचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. भाडे किती, पाणी केव्हा येते, शाळा किती दूर, एवढे पाहिले की झाले. हक्काच्या दृष्टीने पाहता त्यात चूक नाही. भारतीय संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने देशात कोठेही जाण्याचे आणि कोठेही वसण्याचे स्वातंत्र्य नागरिकाला दिले आहे. मात्र जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट याने १७९५ सालच्या चिरंतन शांतीवरील आपल्या निबंधात एक मार्मिक भेद केला. परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला शत्रू म्हणून वागविले जाऊ नये, हा त्याचा हक्क; परंतु तेथे पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क त्यातून आपोआप निघत नाही, त्यासाठी यजमानाशी करार हवा. कांट राष्ट्रांविषयी बोलत होता. एका देशातील दोन गावांमध्ये कायद्याने असा करार लागत नाही. पण जो करार कायदा मागत नाही, तो सदसद्विवेकबुद्धी मागते काय? माझे उत्तर होकारार्थी आहे.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक शहर डोळ्यांसमोर ठेवू. वसईच्या आणि मुंबईच्या कुटुंबांना नाशिक अपरिचित नाही. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास होती. म्हणजे मुंबईच्या मानाने लहान, तालुक्याच्या गावाच्या मानाने फार मोठे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती आहेत, हवा बरी आहे, पंचवटी एक्सप्रेसने मुंबईस ये-जा करणारेही आहेत. आपल्यापैकी अनेकांनी हे शहर पाहिले आहे ते फेब्रुवारीत, नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला गेल्यावर. पण यात्रेकरूने पाहिलेले शहर आणि रहिवाशाला भेटणारे शहर एक नसते. यात्रेकरूला तीर्थ दिसते, पर्यटकाला द्राक्षमळे दिसतात, गिऱ्हाइकाला चौरस फुटाचा दर दिसतो. प्रत्येकाला आपण जे शोधायला आलो तेच दिसते, आणि आपण सारे शहर पाहिले असे वाटते.

गिऱ्हाइकाची नजर कशी बोचते, हे वसईकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. रविवारी सकाळच्या गाडीने कुटुंबे येत, हातात इमारतीचा नकाशा असे. स्टेशनपासून किती मिनिटे, पाणी गोडे की खारे, पुढे भाव वाढेल का, हे सारे ती विचारीत. ज्या वाडीत ती इमारत उभी राहायची होती, तेथे काल केळी होती की पानवेल, विहिरीवर रहाट कोणाचा होता, त्या विहिरीचे पाणी टँकरमधून नेले तर शेजारच्या बागेचे काय होईल, हे मात्र क्वचितच कोणी विचारले. येणारी माणसे वाईट नव्हती. तीही मुंबईच्या एका खोलीतून सुटका शोधीत होती. तरीही आपल्याला दुःख झाले, आणि ‘हरित वसई’च्या चळवळीत हजारो लोक रस्त्यावर उतरले, ते केवळ पाण्यासाठी नव्हे. आपण येथे आहोत हे कोणाच्या नजरेतच भरत नाही, याची ती वेदना होती. आज आपलीच मुले नकाशा घेऊन दुसऱ्यांच्या गावी जातात, तेव्हा ती वेदना त्यांच्यासोबत जाते, की घरीच राहते?

येथे कोणी असा अर्थ काढू नये की पाण्याची, शाळेची, दवाखान्याची चौकशी करणे स्वार्थी आहे. लेकरांना घेऊन डोळे मिटून उडी घेणे म्हणजे श्रद्धा नव्हे. विवेक हा सद्गुण आहे, आणि संत थॉमस अक्वायनस यांनी त्याची अंगे सांगताना दूरदृष्टी आणि सावधपणा ही दोन्ही गणली आहेत. परंतु त्याच यादीत त्यांनी आणखी एक अंग घातले आहे, ते आपण विसरतो: दुसऱ्याकडून शिकून घेण्याची नम्र तयारी. सावधपणा विचारतो, ‘येथे मला काय धोका आहे?’ शिकण्याची तयारी विचारते, ‘येथल्या माणसांना असे काय ठाऊक आहे, जे मला ठाऊक नाही?’ एक प्रश्न दलालाला विचारता येतो. दुसरा विचारण्यासाठी शेजारच्या ओट्यावर बसावे लागते.

पाण्याचेच उदाहरण घ्या. ‘नळाला पाणी किती वेळ येते?’ हा गिऱ्हाइकाचा प्रश्न झाला. नाशिकची तहान मुख्यतः गोदावरीवरील गंगापूर धरण भागविते. त्याच गोदावरीच्या खालच्या अंगाला पैठणजवळ जायकवाडी आहे आणि त्यापलीकडे मराठवाडा. पाऊस कमी झाला, की वरच्या धरणांतून खाली पाणी किती सोडायचे यावरून नाशिक आणि नगर (आताचे अहिल्यानगर) एका बाजूस व मराठवाडा दुसऱ्या बाजूस, असा वाद उभा राहतो. म्हणजे आपण नाशिकला घर घेतले, की नळाची तोटी उघडताच त्या वादाचे पक्षकार झालो. ज्याने हे जाणून घेतले, तो बादली भरताना थोडा निराळा वागेल. जाणण्याचा आणि वागण्याचा असा संबंध असतो. म्हणून पाहणे ही केवळ डोळ्यांची क्रिया नाही, ती नैतिक कृती आहे.

शहराला स्मृतीही असते. पंचवटीतले काळाराम मंदिर पाहुण्यांना आवर्जून दाखवितात. त्याच मंदिराच्या प्रवेशासाठी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथलेच होते, त्यांनाच दार बंद होते. शहर पाहायला गेलेल्याने हे दारही पाहावे. नव्या शहरात आपल्याला घर सहज मिळाले, तर ते कोणाला सहज मिळत नाही, याची चौकशी करणे आपल्या होकाराचा भाग असला पाहिजे.

दुसरे स्थळ शरणपूरचे. आज तो शहराच्या ऐन मध्यातला गजबजलेला भाग आहे. नावाचा अर्थ मात्र आश्रयाचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अँग्लिकन मिशनऱ्यांनी वसविलेल्या ह्या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले आणली गेली. ती येथे शिकली, कारागिरी शिकली. त्यांतील काही पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनसोबत आफ्रिकेत गेले. आणि नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट हा १८७४ साली लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत लंडनपर्यंत पोहोचला. ह्या मुलांपैकी कोणीही नाशिक ‘पाहायला’ आले नव्हते. निवड करून मग राहायला जाणे, ही जगातल्या थोड्यांच्याच वाट्याला येणारी चैन आहे. नाक्यावर रोजंदारीसाठी उभा असलेला मजूर शहर पाहून येत नाही. तो येतो आणि मग पाहतो. ज्याला निवडीची संधी मिळाली, त्याच्यावर निवडीचे ऋणही येते.

पवित्र शास्त्रात प्रदेश पाहून येण्याची एक प्रसिद्ध कथा आहे. मोशेने कनान देशाची पाहणी करण्यास बारा माणसे पाठविली. चाळीस दिवस ती हिंडली आणि परतताना द्राक्षांचा एवढा मोठा घड घेऊन आली, की तो काठीवर लटकवून दोघांनी वाहिला. बाराही जणांनी तोच देश पाहिला, तीच द्राक्षे चाखली. दहा जण भीती घेऊन आले. कालेब आणि यहोशवा आशा घेऊन आले. वस्तुस्थिती एकच होती, पाहणारी मने निराळी होती. आपण ह्या कथेतून बहुधा विश्वासाचा बोध घेतो, आणि तो योग्यच आहे. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट जाणवते. ते बारा जण हेर होते. हेर शहराची बातमी नेतो, स्वतःची बातमी देत नाही. पाहुणा आपले नाव सांगतो, आपण कोठून आलो ते सांगतो आणि मग पाणी मागतो. नव्या शहरात आपण हेरासारखे शिरतो की पाहुण्यासारखे, हे द्राक्षांच्या घडावरून ठरत नाही. आपण आपली ओळख कोणाला दिली, यावरून ठरते.

आणखी एक मुद्दा घरातला आहे, आणि तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. पाहायला जाते कोण? बहुधा घरातला कर्ता पुरुष, फार तर पत्नीसह. निर्णय होतो आणि मग इतरांना कळविला जातो. एका वृद्ध विधवा मातेने मला सांगितले, “फादर, मुलाने नव्या घराचे फोटो दाखवले. स्वयंपाकघर मोठं आहे, लिफ्ट आहे. पण समोरच्या दारात कोण राहतं, ते कुणी सांगितलं नाही.” तिचा मुलगा आईवर प्रेम करणारा आहे. तरीही त्याने जे पाहिले नाही, तेच तिला हवे होते. जिने पन्नास वर्षे एका आळीत, एका बोलीत, चर्चच्या एकाच घंटेच्या आवाजात काढली, तिच्यासाठी चौथा मजला म्हणजे मौनव्रत. फ्रेंच विचारवंत सिमोन वेल हिने १९४३ साली, मायदेशापासून दूर लंडनमध्ये असताना, मुळे रुजण्याच्या मानवी गरजेवर एक ग्रंथ लिहिला. ही गरज सर्वांत मोठी असूनही तिची दखल सर्वांत कमी घेतली जाते, असे तिचे म्हणणे होते. म्हणून स्थलांतराची किंमत घरातल्या ज्या व्यक्तीला सर्वाधिक मोजावी लागणार, तिने ते शहर आधी पाहावे, आणि तिच्या मताला वजन असावे. वृद्धांप्रमाणेच हे मुलांनाही लागू आहे. आठवीतल्या मुलीला नव्या शाळेचे दार आधी दिसले पाहिजे, प्रवेशअर्ज मागाहून.

कोणी म्हणेल, ‘आमची बदलीची नोकरी, तीन वर्षांनी पुन्हा निघायचे. शहराशी एवढे नाते कशाला?’ परंतु तीन वर्षे पाणी प्यायचे असेल, तर तीन वर्षांचे देणेही असते. यिर्मयाने बाबेलमधील बंदिवानांना धाडलेल्या पत्रात घरे बांधण्यास, बागा लावण्यास आणि त्या परक्या नगराचे हित साधण्यास सांगितले. ते लोक तर स्वखुशीने गेलेही नव्हते, आणि एक दिवस त्यांना परत यायचे होते. जबरीने नेलेल्यांकडून जी अपेक्षा, ती निवड करून जाणाऱ्यांकडून कमी कशी असेल?

तेव्हा दोन दिवसांच्या भेटीत काय करावे? घर पाहावेच, भाडे ठरवावेच. पण एक फेरी दलालाशिवाय मारावी. सकाळी भाजीबाजारात जावे, संध्याकाळी सरकारी रुग्णालयाच्या फाटकाशी थोडा वेळ उभे राहावे, रविवारी तेथल्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून मिस्सा ऐकावी आणि नंतर लगेच निघून न जाता कोणाला तरी आपले नाव सांगावे. नाशिक धर्मप्रांत पुणे धर्मप्रांतातून वेगळा होऊन १९८७ साली स्थापन झाला. तेथील मिस्सेला जमलेल्यांतही बाहेरगावाहून येऊन रुजलेले पुष्कळ भेटतील. त्यांना विचारावे, पहिल्या वर्षी तुम्हांला कोणी हात दिला? त्या उत्तरात शहराचा स्वभाव कळेल.

आणि परतीच्या गाडीत, जमाखर्चाच्या वहीत फायद्यातोट्याचे रकाने भरून झाले, की एक प्रश्न स्वतःला विचारावा: ह्या शहराची कोणती अडचण मी आपली म्हणायला तयार आहे? पाण्याची, नदीच्या घाणीची, एखाद्या वस्तीच्या शाळेची, समोरच्या दारातल्या एकट्या वृद्धाची. कोणतीही एक चालेल. उत्तर एकही नसेल, तर आपण अजून जागाच पाहिली आहे. एक जरी अडचण सापडली, तरी त्या शहरात आपली सोयरीक जुळली असे समजून सामान बांधायला हरकत नाही.