अविनाशी कोण?

मायच्या अस्थी वणीजवळ वर्धेच्या पात्रात सोडल्या. तेरवीनंतर तिचं स्वयंपाकघर आवरताना दोन तवे हाती आले. एक बिडाचा, काळाभोर. त्यावर ती तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवायची, मग धिरडं आपसूक सुटायचं. दुसरा मी दिवाळीला घेऊन दिलेला नॉनस्टिक, थराचे टवके उडालेला.

तो थर टेफ्लॉनचा. 1938 साली रॉय प्लंकेट यांना अमेरिकेत तो अवचित गवसला. कार्बन आणि फ्लोरिनची ही गाठ फार चिवट, सहजी सुटत नाही. टेफ्लॉन बनवताना वर्षानुवर्षं वापरलेलं पीएफओए हे रसायन माणसांच्या रक्तात सापडलं. 2019 साली ते घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या निर्मूलन यादीत गेलं. अशीच रसायनं बनवणाऱ्या इटलीतल्या मितेनी कारखान्याने भूजल नासवलं, 2018 साली त्याचं दिवाळं निघालं आणि त्याची यंत्रं आपल्या रत्नागिरीत, लोटे परशुरामला आली.

अविनाशी हा शब्द मी आत्म्यासाठी राखून ठेवला होता. देह पंचमहाभूतांत परत जातो, या भरवशावरच तर मायला नदीच्या हवाली करवलं. माती परत घेणार नाही असं काही घडवायचा अधिकार माणसाला कुणी दिला? करणाऱ्याला फळ, असं आपण म्हणतो. मग अशा कारखान्याजवळच्या विहिरीचं पाणी प्यालेल्या लेकराचं कर्म कोणतं? पूर्वजन्माचं उत्तर मला क्रूर वाटतं. ते मी देणार नाही.

बिडाचा तवा घरी आणला. पहिलं धिरडं चिकटलं, दुसरं फाटलं. कांदा पुन्हा फिरवला.